दहा वर्षं टिकेल अशी एकच हार्ड डिस्क सांगा!

पत्र मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय. घरून भाषांतराचं काम करणाऱ्या एक ताई लिहितात: "माझ्याकडे सात वर्षं जुनी १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. पंधरा वर्षांचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, कामाच्या सगळ्या फाइली आणि आई गेली तिच्या आवाजातली गाणी, गप्पा, सगळं तिच्यावर आहे. लॅपटॉपवर जागा पुरेना म्हणून तिथलं केव्हाच काढून टाकलं. गेले दोन महिने डिस्क लावली की दिसायला वेळ लागतो, मधूनच टक-टक आवाज येतो. तेव्हापासून नवीन घ्यायची म्हणून रिव्ह्यू वाचतेय, पण एकही कंपनी अशी नाही जिला कोणी शिव्या घातलेल्या नाहीत. भाऊ म्हणतो अमुक कंपनीची अजिबात घेऊ नको, मैत्रीण म्हणते आता हार्ड डिस्क कोण घेतं, एसएसडी घे. मला हे सारखं सारखं करायचं नाहीये. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील पण दहा वर्षं डोळे झाकून भरवसा ठेवता येईल अशी एकच डिस्क सांगा, सगळं तिच्यावर हलवते आणि मोकळी होते. आणि जुनीचं काय करू तेही सांगा."

ताई, कुठली घ्यायची, किती टीबीची, एसएसडी (म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी) की साधी, सगळं सांगते. पण आधी आज रात्रीचं काम. तुमच्या आईचा आवाज या घडीला एकाच ठिकाणी आहे आणि ती डिस्क दोन महिने टक-टक करतेय. नवीन डिस्क निवडण्यात चूक होईल या भीतीने तुम्ही थांबलात हे मला कळतं, खूप जणांचं असंच होतं, पण इथे चुकीची डिस्क घेण्यापेक्षा अजून एक आठवडा थांबणं जास्त महागात पडू शकतं. म्हणून हे वाचून झालं की उठा आणि कॉपी काढायला घ्या, नवीन डिस्क घरात नसली तरी.

आधी केबल बदलून बघा, आणि डिस्क हबमधून लावत असाल तर थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. हे क्षुल्लक वाटेल पण नाहीये, कारण छोट्या पोर्टेबल डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती फिरायला लागणारा करंट यूएसबीमधूनच घेते. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ असेल तर ९००, आणि साध्या हबवर माउस-कीबोर्ड-पेनड्राइव्ह सगळं लटकवलेलं असलं की डिस्कच्या वाट्याला पुरेसं येत नाही. मग ती फिरायला सुरुवात करते, दम संपतो, थांबते, परत सुरुवात करते, आणि हा आवाजही बाहेरून टक-टक असाच ऐकू येतो. चांगल्या केबलने थेट लावल्यावर आवाज गेला तर नशीब चांगलं, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, सात वर्षं झालीयेत तिला.

आवाज चालूच राहिला पण डिस्क उघडतेय, तर सगळ्यात आधी आईची रेकॉर्डिंग्ज. फोटोंचा सगळा फोल्डर एकदम ओढून रात्रभर सोडून देऊ नका, आधी जे पुन्हा कुठूनच मिळणार नाही ते. आवाजाच्या फाइली लहान असतात, एका तासाचं साधं एमपीथ्री ६० एमबीच्या आसपास भरतं, म्हणजे बहुतेक सगळं तुमच्या फोनमध्येसुद्धा मावेल. लॅपटॉपवर कॉपी करा, लगेच फोनवर पण टाका, एखाद्या भावंडालाही पाठवून द्या. मग मुलांचे लहानपणीचे व्हिडिओ, मग फोटो वर्षावर्षाने, कामाच्या जुन्या फाइली शेवटी, कारण त्या क्लायंटकडे किंवा मेलमध्ये सापडायची शक्यता तरी असते. छोटे छोटे गठ्ठे करा. एखाद्या फोल्डरला कॉपी अडकली तर तिथे झगडत बसू नका, कॅन्सल करून पुढचा घ्या, अडकलेल्याकडे शेवटी परत या. आणि कॉपीच करा, कट-पेस्ट नको, मध्येच डिस्क गेली तर अर्धं इकडे अर्धं तिकडे होतं.

कॉपी चालू असताना विंडोज कदाचित विचारेल की ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? नाही म्हणा. स्कॅन करून दुरुस्त करू का विचारेल, त्यालाही नाही. दुरुस्ती म्हणजे ती आजारी डिस्कवरच लिहायला लागते आणि आपल्याला आता तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाहीये, फक्त वाचून घ्यायचंय. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा एक सल्ला अजूनही फिरतो, तो अजिबात ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. लिनक्सची सवय असलेलं कोणी ओळखीत असेल तर डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे, ते सोपा भाग आधी वाचून घेतं आणि अवघड जागांकडे नंतर परत परत येतं, अशा डिस्कसाठी फार उपयोगी.

आणि समजा डिस्क दिसतच नाहीये, नुसती एका लयीत टक-टक, टक-टक, तर काढा आणि बाजूला ठेवा. पुन्हा पुन्हा लावून बघायचा मोह होतो, होणारच, पण आत वाचणारं हेड बिघडलं असेल तर प्रत्येक वेळी चालू करताना ते तबकडीवर घासायची शक्यता असते आणि घासलेला भाग मग कोणीच परत आणू शकत नाही. तिथून पुढे डेटा रिकव्हरीवाल्यांचं काम, आणि तेही ज्यांच्याकडे धूळविरहित क्लीन रूम आहे अशांचं. साधं स्क्रू काढून उघडणाऱ्यांकडे नाही. हे काम खर्चिक असतं, आणि हमी तेही देत नाहीत.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही धरून चालला आहात की काही डिस्क भरवशाच्या असतात, काही नसतात, आणि नीट अभ्यास केला की भरवशाची सापडते. थोडंफार खरं आहे ते. पण कुठल्याही साध्या हार्ड डिस्कच्या आत काय चाललेलं असतं बघा. चकचकीत तबकड्या मिनिटाला साधारण ५४०० किंवा जास्त फेऱ्या मारतायत आणि त्यांच्यावर वाचणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतंय. आपला केस साधारण ५० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. चालू असताना टेबलावरून पडली, कोणाचा पाय केबलमध्ये अडकला, की ती कितीही नावाजलेल्या कंपनीची असो, आतल्या त्या अंतराला काही फरक पडत नाही.

काही डिस्कच्या माहितीपत्रकात बिघाडाआधीचे सरासरी तास म्हणून दहा लाख वगैरे आकडा असतो. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं! त्याचा अर्थ तुमची डिस्क ११४ वर्षं चालेल असा नाही हो, तो खूप साऱ्या डिस्कच्या चाचण्यांवरून काढलेला हिशोब असतो, आणि त्या हिशोबाने वर्षाला शंभरातली जेमतेम एक डिस्क जायला हवी. २००७ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रत्यक्ष वापरातल्या डिस्कच्या बदलीच्या नोंदी तपासल्या तेव्हा वर्षाला २ ते ४ टक्के हे सर्रास दिसलं, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. त्याच वर्षी गूगलने आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला, आणि त्यातली एक गोष्ट मला तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते. डिस्क स्वतःची तब्येत स्वतः नोंदवत असते, त्याला स्मार्ट म्हणतात, आणि आजारी डिस्क त्यातून आधी ओळखता येईल अशी सगळ्यांचीच आशा असते. पण गूगलकडे बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. यातली एकही खूण न दाखवता गेल्या. तुमची डिस्क दोन महिने आवाज करून तुम्हाला सांगतेय, हे खरं तर मोठं उपकारच.

म्हणून माझं म्हणणं असं की दहा वर्षं टिकणारी एक डिस्क शोधूच नका. दोन साध्या घ्या. हिशोबापुरतं धरू की घरगुती वापरातली पोर्टेबल डिस्क वर्षभरात जायची शक्यता ५ टक्के, वीसात एक. तुम्ही जास्त पैसे घालून, महिनोन्महिने वाचून तिच्या निम्मी शक्यता असलेली डिस्क शोधलीत तर चाळीसात एक झालं, छान. पण साध्याच दोन डिस्कवर तेच सगळं ठेवलंत आणि त्या एकमेकींपासून लांब असल्या, तर एकाच वर्षात दोन्ही जायची शक्यता चारशेत एक, आणि एक गेल्याचं कळताच तुम्ही आठवड्याभरात दुसरी आणून कॉपी काढलीत तर त्याहूनही कितीतरी कमी. कुठलीही कंपनी तुम्हाला ही सुरक्षितता एका डिस्कमध्ये विकू शकत नाही, कितीही पैसे दिले तरी.

"सगळं हलवते आणि मोकळी होते" असं तुम्ही लिहिलंय. ताई, धोका नेमका तिथेच आहे. सात वर्षांपूर्वी लॅपटॉपवरून काढून या डिस्कवर हलवलंत तेव्हापासूनच तो डेटा एकुलता एक झाला. एक्स्टर्नल डिस्कवर आहे म्हणजे बॅकअप आहे असं खूप लोक समजतात, पण मूळ प्रत दुसरीकडे जिवंत असेल तरच तो बॅकअप. आणि तुम्हाला हे सारखं सारखं करायचं नाहीये, त्यातला थकवा मला समजतो, घरातल्या सगळ्यांच्या आठवणींचा राखणदार आपण एकटेच असलो की ओझं होतंच. पण ते ओझं एका डिस्कवर टाकून हलकं होत नाही, उलट मनातल्या मनात ती कधी जाईल याची धाकधूक राहते. दोन प्रती असल्या की एखादी गेली तरी तो वैताग असतो, दुःख नाही.

आता भावाचं म्हणणं. आज फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात तीनच उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डब्यावर दुसरं कुठलंही नाव दिसलं तरी आत या तिघांपैकीच कोणाची तरी डिस्क असते, लासी हे नाव तर सीगेटच्याच मालकीचं आहे. सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा २०११ मध्ये सीगेटकडे गेला आणि हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. त्यामुळे "अमुक कंपनी वाईट" हे वाक्य फारसं पुढे नेत नाही. प्रत्येक कंपनीची एखाददुसरी मॉडेल्स वाईट निघालीत. २००० सालच्या सुमाराला आयबीएमसारख्या नावाजलेल्या कंपनीची डेस्कस्टार ७५जीएक्सपी ही डिस्क इतकी बंद पडायला लागली की प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्याच आयबीएमने १९५६ मध्ये जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली होती. बॅकब्लेझ नावाची ऑनलाइन बॅकअपची कंपनी आहे, ती २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्क किती बंद पडल्या त्याचे आकडे मॉडेलनुसार उघड करते. त्यात दिसतं की एकाच कंपनीचं एक मॉडेल वर्षानुवर्षं उत्तम चालतं आणि दुसरं भराभर जातं. पण त्या मोठ्या, सर्व्हरमध्ये चोवीस तास फिरणाऱ्या डिस्क, तुमच्या कपाटातल्या पोर्टेबल डिस्कला ते आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. भावाची एक डिस्क गेली असेल, त्याचा राग खरा आहे, पण त्यावरून कंपनी बाद करू नका. मात्र एक करता येईल, दोन डिस्क घेताना दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या. एकाच बॅचमध्ये दोष असला तर दोन्ही एकदम जायला नकोत.

रिव्ह्यू वाचायचेच तर ते इतक्यासाठी वाचा की पार्सल नीट येतंय का, खोक्यात डिस्क नुसती खडखडत येते का, विकणारा खोटा माल देतो का. डिस्क टिकते का ते रिव्ह्यूतून कळत नाही, कारण जिची डिस्क पाच वर्षं गुपचूप चालली ती बाई परत येऊन लिहीत नाही.

मैत्रीण एसएसडी म्हणते, तिचंही चूक नाही, फक्त तिचं काम वेगळं असेल. एसएसडीत फिरणारं काही नसतं, पडली तरी बहुतेकदा वाचते, आणि वेग कितीतरी जास्त. रोज बॅगेतून नेताय, तिच्यावरच काम करताय, व्हिडिओ एडिट करताय, तर खुशाल एसएसडी घ्या. पण कपाटात ठेवून वर्ष-वर्ष हात न लावायच्या कामाला मला ती पटत नाही. तिच्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठवलेली असते आणि वीज न मिळता पडून राहिली की तो भार हळूहळू गळतो. मेमरीचे निकष ठरवणारी जेडेक ही संस्था आहे, तिच्या निकषाप्रमाणे घरगुती एसएसडीने लिहिण्याची ठरलेली मर्यादा पूर्ण वापरून झाल्यावर, वीज नसताना ३० अंश तापमानाला एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. म्हणजे नवीकोरी, फार न वापरलेली एसएसडी त्याहून बरीच जास्त टिकवेल, घाबरायचं कारण नाही, पण पाच वर्षं खणात विसरून जायची ती वस्तू नव्हे. शिवाय एसएसडी जाते ती बहुतेकदा एका क्षणात, आवाज नाही काही नाही, आणि तिच्यातून परत काढणंही अवघड. तुमच्या एका टीबीच्या आतल्या डेटासाठी साधी हार्ड डिस्कच ठीक, पैशात जागाही जास्त मिळते.

मग घ्यायचं काय? २ टीबीच्या दोन, अडीच इंची, पोर्टेबल, यूएसबी ३ असलेल्या, शक्यतो तीन वर्षं वॉरंटीच्या. २ टीबी घेतलीत तर विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसेल, फसवणूक नाही ती, कंपनी हजारात मोजते आणि विंडोज १०२४ मध्ये. ४ किंवा ५ टीबीची घ्यायचा मोह झाला तर स्वतःला विचारा की तेवढं भरणार आहे का, कारण जागा आहे म्हणून सगळ्या घराचं सगळं त्या एकीवरच जमा व्हायला लागतं. बहुतेक पोर्टेबल डिस्कमध्ये हल्ली एसएमआर पद्धत असते, म्हणजे लिहिण्याचे पट्टे कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. त्यामुळे खूप मोठी कॉपी करताना शेवटी शेवटी वेग बराच पडतो. डिस्क खराब नाहीये तेव्हा, तिला वेळ द्या. साठवणीसाठी हे चालतं, रोज फाइली बदलत राहायच्या कामाला ती डिस्क वैताग आणते.

एक बारीक पण कामाची गोष्ट, ती कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेली नसते. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट थेट डिस्कच्या हिरव्या बोर्डवरच डकवलेलं असतं. ते चपटं, रुंद, दोन भागांचं पोर्ट असतं ना, मायक्रो-बी, ते केबल तिरकी ओढली की हलायला लागतं, आणि एकदा तुटलं की आतली डिस्क काढून दुसऱ्या डब्यात लावायची सोय नसते, कारण आत दुसरं पोर्टच नाही. वर काही डिस्क तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी सगळं एन्क्रिप्ट करूनच (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात) लिहितात, म्हणजे ते बोर्ड गेलं की नुसत्या तबकड्या चांगल्या असूनही उपयोग होत नाही. म्हणून केबल काढताना टोकाला धरून सरळ काढा, लोंबकळती ठेवू नका, आणि चालू डिस्क उचलून दुसरीकडे नेऊ नका. ज्यांना थोडं खटपटीचं चालतं त्यांनी कॉम्प्युटरच्या आत बसते तशी साटा जोडणीची डिस्क आणि वेगळा यूएसबी डबा असं घ्यावं, डबा बिघडला तर डबा बदलायचा.

आणि ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी नगण्य किमतीत दिसली तर लगेच पुढे जा. ती उघडून बघितलेल्यांना आत छोट्याशा बोर्डला चिकटवलेलं साधं मेमरी कार्ड सापडलंय, आणि त्या बोर्डला कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. भयंकर प्रकार हा की कॉपी होते, फाइलींची नावं सगळी दिसतात, पण खरी जागा संपली की पुढचं कुठेच लिहिलं जात नाही किंवा आधीच्यावरच लिहिलं जातं. महिन्यांनी फोटो उघडायला गेलं की कळतं. त्यामुळे नवीन डिस्क आली की लगेच डेटा टाकायचा नाही. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक-लिनक्सवर एफथ्री, दोन्ही मोफत. ते अख्खी डिस्क खोट्या डेटाने भरून परत वाचून बघतात. २ टीबीला बरेच तास लागतात, रात्रीचं लावून ठेवा. क्षमता खरी की खोटी ते तर कळतंच, पण जन्मतःच दोष असलेली डिस्कही या पहिल्याच कष्टात बहुधा उघडी पडते, आणि परत करायची मुदत संपायच्या आत. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे स्मार्टच्या नोंदी दाखवणारं साधन उघडून रीअलोकेटेड सेक्टर (खराब निघाल्याने बदललेल्या जागा) आणि पेंडिंग सेक्टर (संशयास्पद जागा) हे दोन आकडे बघा, नव्या डिस्कला दोन्ही शून्य हवेत. शून्य नसतील तर परत. गूगलच्या त्या अभ्यासात पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत जायची शक्यता चूक नसलेल्यांच्या ३९ पट होती, म्हणून "थोडेच आहेत, चालेल" असं म्हणू नका. खुणा नाहीत म्हणून डिस्क ठणठणीत असं नाही, पण खुणा दिसल्या तर तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत दाखवतेय तेही बघून घ्या.

वॉरंटीबद्दल एवढंच, की ती डिस्कची असते, डेटाची नाही. बदल्यात रिकामी डिस्क मिळते आणि तुमची, फोटो-कागदपत्रांसकट, त्यांच्याकडे जाते. म्हणून फॉरमॅट करतानाच पासवर्ड लावा, विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर, मॅकमध्ये एन्क्रिप्टेड फॉरमॅट, नाहीतर व्हेराक्रिप्ट नावाचं मोफत साधन. तुमच्याकडे क्लायंटचे कागद आहेत, त्यामुळे तुम्हाला तर हे हवंच. पण पासवर्ड आणि रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर उघडायची वेगळी किल्ली) कागदावर लिहून डिस्कपासून वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या. पासवर्ड विसरलात आणि कीही हरवली तर या डिस्क कोणालाही उघडता येत नाहीत, अगदी तुम्हालाही. हा व्याप झेपणार नसेल असं प्रामाणिकपणे वाटत असेल तर आईची रेकॉर्डिंग्ज आणि फोटो बिनपासवर्डचे ठेवा, क्लायंटचं तेवढं वेगळं कुलुपात.

फॉरमॅट कुठला? फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे लावायची असेल तर एक्सफॅट, पण ती सेफली रिमूव्ह न करता उपटली तर फाइलींची यादी बिघडायची शक्यता एनटीएफएसपेक्षा जास्त, तेवढी शिस्त पाळायची.

मग रोजचं कसं? एक डिस्क घरी, दुसरी दुसऱ्या घरात, बहिणीकडे, भावाकडे, कुठेही जिथे आग, चोरी, पाणी एकाच वेळी पोचणार नाही. घरचीवर महिन्यातून एकदा नवीन फाइली टाका, आणि तीन-चार महिन्यांनी भेट होईल तेव्हा अदलाबदल करा. काम झालं की केबल काढून ठेवायची, कायम लावलेली नको. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, लॅपटॉपमध्ये शिरला तर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही लॉक करून टाकतो. कॉपी नीट झाली का ते नुसतं फोल्डर बघून ठरवू नका, दोन्हीकडे प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळतात का बघा, फ्रीफाइलसिंक या साधनात मजकूर तपासून तुलना करायची सोय आहे ती वर्षातून एकदा चालवा. जुनं एखादं रेकॉर्डिंग, मधलाच एखादा व्हिडिओ, असं काहीही उघडून शेवटपर्यंत चालवून बघा. चार-पाच वर्षांनी एक नवीन डिस्क आणा, सगळ्यात जुनी तिसरी प्रत म्हणून बाजूला ठेवा. एवढंच काम आहे, महिन्यातला अर्धा तास.

क्लाउडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, सगळंच्या सगळं नाही, आईची रेकॉर्डिंग्ज, निवडक फोटो आणि महत्त्वाचे कागद एवढं तिथे असावं. फक्त हे लक्षात घ्या की सिंक (दोन्हीकडचं आपोआप सारखं ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे, लॅपटॉपवरून चुकून पुसलेली फाइल सिंक तिकडूनही पुसते, आणि कचऱ्याच्या डब्यात ती ठरावीक दिवसच राहते.

आणि जुनी डिस्क. दोन्ही नव्या डिस्कवर सगळं आलं, तपासून झालं, तरी अजून काही महिने तिला फेकू नका. एखादा फोल्डर राहिल्याचं नंतर लक्षात येतंच. पण तिच्यावर नवीन काही ठेवायचं नाही, मुलांना सिनेमे टाकायला द्यायची नाही, कोणाला वापरायला द्यायची नाही. टाकायची वेळ येईल तेव्हा साधं फॉरमॅट पुरत नाही, क्विक फॉरमॅटने फक्त फाइलींची यादी पुसते, आतलं सगळं जागेवर असतं. डिस्क चालत असेल तर विंडोजमध्ये क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, ते सगळीकडे शून्य लिहितं. चालत नसेल तर तबकड्यांना आरपार भोकं पाडून घ्या, ड्रिल मशीन असलेला कोणीही करून देईल, मग ई-कचऱ्यात द्या.